नाल, ऐब आणि खच्ची

हैदराबादेत 1939च्या सुमारास एक अरबी पुस्तक छापून झालं. त्याचं नाव ‘किताब अल्-खैल’, म्हणजे घोड्यांचं पुस्तक. ते लिहिणारा अबू उबैदा बसऱ्याचा, आणि त्याला जाऊन तोवर अकराशेहून जास्त वर्षं लोटली होती. छापणारी संस्था दाइरतुल मआरिफ. जुनी अरबी हस्तलिखितं मिळवायची, पडताळायची आणि छापायची, या कामासाठी ती 1888 साली निजामाच्या राजधानीत उभी राहिली होती. पुस्तकात घोड्याच्या अंगाचा एकेक भाग, त्याचे रंग, अंगावरचे भोवरे, गुण आणि खोडी, आणि जागोजाग साक्षीला अरबांच्या कविता.

मानवत तेव्हा याच राज्यात होतं. परभणी जिल्ह्यातलं, पाथरीशेजारचं, काळ्या जमिनीवरचं कापसाचं गाव. रेल्वेचं स्टेशन गावापासून लांब, म्हणून त्याचं नाव मानवत रोड. बाहेरच्या माणसाला मानवत म्हटलं की 1970च्या दशकातलं हत्याकांड तेवढं आठवतं. गावाला मात्र कापूस, जिनिंग आणि बाजार आठवतो. अबू उबैदाची एखादी प्रत या बाजारपेठेत उतरली असेल असं वाटत नाही. पण त्या पुस्तकामागची भाषा इथे आधीच येऊन बसली होती, आणि तीही छापखान्याच्या वाटेने नाही. जनावराच्या अंगावर तिचा हात नेमका कुठवर पोचला आणि कुठे थबकला, हे पाहण्यासारखं आहे.

आधी बसऱ्याची गोष्ट. आठव्या-नवव्या शतकात तिथल्या भाषापंडितांना शब्द गोळा करायचं वेड लागलं होतं. शहरातली अरबी भेसळ झालेली, खरी भाषा वाळवंटातल्या बदूंच्या तोंडी, अशी त्यांची पक्की समजूत. मग उंटवाल्यांच्या राहुट्यांत जाऊन बसायचं, ऐकायचं आणि टिपून घ्यायचं. यातला सर्वांत गाजलेला अस्मई. त्याने उंटांवर एक पुस्तक लिहिलं, घोड्यांवर एक, शेळ्यामेंढ्यांवर एक. त्याचा प्रतिस्पर्धी अबू उबैदा. हा जन्माने अरब नव्हे, अरब टोळीच्या आश्रयाला असलेल्या घराण्यातला. अशा लोकांना अरबीत ‘मवाली’ म्हणत. तोच शब्द फिरत फिरत मराठीत आला आणि नाक्यावर उभा राहून शिट्ट्या मारू लागला. बिचाऱ्या अबू उबैदाचा त्यात काही दोष नाही.

दोघांची एक हकिकत चरित्रकार इब्न खल्लिकानने नोंदवून ठेवली आहे. वजीर फज्ल इब्न रबीने दोघांना विचारलं, घोड्यांवर तुमचं पुस्तक केवढं? अस्मई म्हणाला, एक खंड. अबू उबैदा म्हणाला, पन्नास. वजिराने घोडाच आणवला आणि अबू उबैदाला सांगितलं, ऊठ, एकेका अवयवावर हात ठेव आणि नाव सांग. अबू उबैदा म्हणाला, मी काही घोडेवैद्य नाही, मी हे अरबांकडून ऐकून लिहिलं आहे. मग अस्मई उठला. कपाळावरच्या झुलपांपासून सुरुवात करून खाली खुरापर्यंत हात फिरवत गेला. प्रत्येक ठिकाणी नाव, आणि नावाला आधार म्हणून कविता. वजिराने घोडा त्यालाच देऊन टाकला. पुढे अबू उबैदाला चिडवायची हुक्की आली की अस्मई त्याच घोड्यावर बसून त्याच्याकडे जाई म्हणतात.

गोष्टीत जिंकला अस्मई, पण हैदराबादेत मानाने छापला गेला तो हरलेला अबू उबैदा. पुस्तकांचं नशीब घोड्यांवर ठरत नाही.

अस्मईचं आणखी एक छोटं पुस्तक होतं, ‘किताब अल्-फर्क’. फर्क म्हणजे आपला फरकच. माणसाच्या एखाद्या अवयवाला जे नाव, ते जनावराच्या त्याच अवयवाला चालत नाही, हा त्याचा विषय. माणसाचा ओठ ‘शफा’, उंटाचा ‘मिश्फर’, घोड्याचा ‘जह्फला’, पक्ष्याची चोच ‘मिन्कार’. घोड्याचं खूर ‘हाफिर’, गायीशेळीचं दुभंगलेलं खूर ‘जिल्फ’, उंटाचा गादीसारखा पाय ‘खुफ्फ’. पोरं तर किती परींची: घोड्याचं ‘मुह्र’, गायीचं ‘इज्ल’, शेळीचं ‘जद्य’, मेंढीचं ‘हमल’, गाढवाचं ‘जह्श’.

हे वाचून अरबीच्या श्रीमंतीने दिपून जायचं कारण नाही. मानवतच्या कुठल्याही वाड्यातली आजी हा फरक न शिकता पाळते. घोड्याचं शिंगरू, गायीचं वासरू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, म्हशीचं रेडकू किंवा पारडू. बाई गरोदर, गाय गाभण. बाई बाळंत होते, गाय विते. गायीला कास आणि सड, हे शब्द माणसाला लावले तर शिवी होते. आणि खरा कस लागतो तो मागच्या बाजूला. गायीबैलाचं शेण, घोड्या-गाढवाची लीद, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, पाखराची शीट. अरबीतही अगदी हीच विभागणी: गुरांचं ‘खिस्य’, घोड्या-गाढवाचं ‘रौस’, उंटाच्या आणि मेंढीच्या गोळ्या ‘बअर’, पक्ष्याचं ‘जर्क’. शेणाने सारवायचं, लेंडीखत शेतात टाकायचं, वाळवंटात उंटाच्या लेंड्या जाळून स्वयंपाक करायचा; ज्याचा उपयोग वेगळा त्याचं नाव वेगळं. रागावलेला मराठी माणूस पोराला ‘कुठं चरायला गेला होतास’ विचारतो, आणि अरब कवी शत्रूच्या ओठाला उंटाचा ‘मिश्फर’ म्हणून हिणवतो. फरक मोडला की अपमान होतो, हे दोन्हीकडे सारखंच कळलेलं.

अरबांनी मात्र एका बाबतीत कमाल केली. त्यांनी घोड्याच्या अंगात पक्ष्यांचा थवाच भरून ठेवला. खुराच्या तळव्यातला मऊ त्रिकोण म्हणजे ‘नस्र’, गिधाड. कवटीचा माथा ‘हामा’, घुबड. मेंदू ‘फर्ख’, पिल्लू. त्यावरचं पातळ आवरण ‘नआमा’, शहामृग. कपाळाचं हाड ‘उस्फूर’, चिमणी. कानामागचं हाड ‘दीक’, कोंबडा. पुठ्ठ्याची कड ‘गुराब’, कावळा. अशी पक्ष्यांची वीस नावं घोड्यात सापडतात असं जुने लोक मोजून सांगत, आणि ती सगळी एका दमात म्हणून दाखवणं ही दरबारातली करामत असे. मराठीत इतकी हौस नाही. तरी दंड फुगवला की पोरं बेडकुळी काढून दाखवतात, आणि डोळ्यात बाहुली बसवलेली आहेच. अरबांच्या डोळ्यात तिच्या जागी माणूस असतो, ‘इन्सान अल्-ऐन’.

आता बाजारात यावं. मराठवाड्यातल्या गुरांच्या बाजारात लाल कंधारी किंवा देवणी बैल उभा असतो. देवणीत वान्नेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार, रंगावरून आणि ठिपक्यांवरून ओळखायचे. गिऱ्हाईक आधी चौफेर फिरतं. शिंगं, वशिंड, गळ्याखालची पोळी, खांदा, पुठ्ठा, खूर, शेपटीचा गोंडा. मग जबडा उघडून दात बघतं. गुरांना पुढचे दात खालच्याच जबड्यात, आठ. दुधाचे दात पडून कायमचे येतात ते जोडीजोडीने. म्हणून वासरू अदात, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जनावर ‘जुळलं’. विकणारा वय काहीही सांगो, दात खोटं बोलत नाहीत.

बसऱ्याच्या पंडितांची वयं मोजायची पट्टीही हीच. पुढचे मधले दात ‘सनाया’, ते पाडून नवे आलेलं जनावर ‘सनी’. त्याच्या शेजारचे ‘रबाइया’, ते आलेलं ‘रबाई’. पुढे ‘सदीस’, आणि उंटाचा सुळा फुटला की ‘बाजिल’, भर जवानीतला. सनी म्हणजे आपला दोनदातीच. गुरांवरच्या इस्लामी जकातीचा जुना नियमही दातावरच उभा आहे: चाळीस गुरांमागे एक ‘मुसिन्ना’ द्यायची, आणि मुसिन्ना हा शब्द ‘सिन्न’ म्हणजे दात यापासून आलेला. बकरी ईदच्या आधी मराठवाड्यातल्या बाजारात बोकडाचा खालचा ओठ ओढून दोन दात दाखवले जातात, तेव्हा चौदाशे वर्षांचा धर्मशास्त्राचा नियम आणि शेतकऱ्याची रोजची रीत एकाच जबड्यात भेटतात. पण शब्द तिथे अरबी नसतो. कोणी ‘सनी’ म्हणत नाही. दोनदाती, नाहीतर दो दाँत.

इथेच पहिली गोम कळते. शिंगापासून गोंड्यापर्यंतच्या नावांत अरबी शब्द शोधून सापडत नाही. वशिंड, कास, सड, खूर, आचळ, वजडी, काळीज, सगळं घरचं. कापलेल्या मटणाच्या दुकानात सीना, गर्दन, गुर्दा, मगज, चरबी ऐकू येतं, पण ते फारसी. अरबीला जिवंत बैलाच्या अंगात शिरायला जागाच मिळाली नाही.

ती बाहेर मात्र चहूकडून येऊन बसली. सौदा जमवणारा ‘दलाल’ अरबी. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरला की हातावर ठेवायचा ‘बयाणा’, त्यातला ‘बय’ म्हणजे अरबी विक्री. मालकीचा ‘दाखला’ अरबी. घोड्याची ‘ऐब’ अरबी. ऐबेची तर मोठी कहाणी आहे. इस्लामी कायद्यात खरेदीनंतर छुपी ऐब निघाली तर माल परत करायचा हक्क गिऱ्हाइकाला असतो, आणि त्याची ठरीव उदाहरणं जनावरांच्याच बाजारातली. दोन दिवस दूध न काढता कास फुगवून बाजारात आणलेल्या शेळीला किंवा उंटिणीला अरबीत खास शब्द आहे, ‘मुसर्रात’. ती घेणाऱ्याला तीन दिवसांची मुदत. ही लबाडी ज्याला मराठवाड्याच्या बाजारात कधी भेटली नाही, त्याने बहुधा दुभती गाय विकतच घेतली नसावी.

घोड्याच्या बाबतीत अरबी आणखी जवळ सरकली, पण तीही कातडीपर्यंतच. ‘नाल’ अरबी, मूळ अर्थ पायातली चप्पल. तो ठोकणारा नालबंद. ‘रिकीब’ अरबी. घोडे बांधायचा ‘तबेला’ हा बांधायच्या लांब दोरीच्या अरबी नावावरून, ‘तवीला’वरून, आला असं मानतात. घोड्याचा आणि नंतर दुधाचा रोजचा ठरलेला ‘रतीब’ अरबी. आणि रंग: काळापांढरा ‘अबलख’, तांबूस-काळसर ‘कुमैत’. हे दोन्ही शब्द अस्मईच्या तोंडात जसे होते जवळपास तसेच आजही नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडेवाल्यांच्या तोंडी ऐकू येतात. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असला की मराठी घोडेवाला ‘पंचकल्याण’ म्हणतो. अरब तोंडावरच्या पांढऱ्याला ‘गुर्रा’ आणि पायांच्या पांढऱ्याला ‘तह्जील’ म्हणत आणि तसंच शुभ मानत. अंगावरचे केसांचे भोवरेही दोघांनी मोजले. अरबांनी घोड्यावर अठरा ‘दाइरा’ सांगितले, त्यातले काही अपशकुनी. छातीच्या बाजूचा ‘हक्आ’ त्यांना अजिबात नको असे. इकडे गळ्यावरचा देवमण भाग्याचा. दोन्हीकडे भोवरा बघून किंमत पडते किंवा चढते.

रंगाला असं महत्त्व का? कारण घोडा हा सरकारी कागदावरचा इसम होता. अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग द्यायला आणि शिपायांचा ‘हुलिया’ लिहून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे हजेरीच्या दिवशी चांगला घोडा दाखवून एरवी मरतुकडं तट्टू आणायची सोय राहिली नाही. हुलिया पुन्हा अरबी. मराठ्यांचा शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई आणि ‘शिलेदार’ या नावातली ‘सिलाह’, म्हणजे हत्यारं, तीही अरबीच. निजामाच्या राज्यात जालना आणि हिंगोली इथे फौजेच्या छावण्या होत्या, मानवतच्या दोन्ही अंगांना. घोडा मोजणारा कारकून, नाल ठोकणारा आणि रतीब घालणारा यांच्याकडून शब्द गावात उतरले. भाषापंडित त्यात कुठेच नाही.

पाथरीचं एक उदाहरण याहून गमतीचं. मानवतपासून पाथरी जवळ. तिथल्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला तिमाभट नावाचा मुलगा विजयनगरच्या स्वारीत बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान होऊन मलिक हसन झाला, आणि त्याच्या मुलाने पुढे अहमदनगरची निजामशाही उभी केली, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. मलिक हसनला ‘बहरी’ म्हणत. फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे बापाचं नाव भैरव. शहजाद्याला ते उच्चारता येईना म्हणून त्याचं ‘बहरी’ झालं. बहरी हा ससाण्याचा एक प्रकार, आणि मलिक हसनकडे सुलतानाच्या शिकारी पाखरांचं खातं आलं. अरबीत ‘बह्री’ म्हणजे समुद्राचा. तोच पक्षी मराठीत ‘बहिरी ससाणा’ झाला, आणि शाळेतल्या पोरांना वाटतं की त्याला ऐकू येत नाही. एक भैरव, एक समुद्र आणि एक बहिरेपण, तिन्ही एका पाखराच्या नावात.

शब्द हुसकावायचा प्रयत्नही झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, फारसी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. दहा वर्ग, त्यातल्या चतुरंगवर्गात फौजेचे, हत्तीघोड्यांचे शब्द. दरबारात त्याचं मोल मोठं. पण तबेल्यात नालबंद नालबंदच राहिला आणि खोगीर खोगीरच. उलटी वाटही होतीच. संस्कृतातला अश्ववैद्यकाचा ऋषी शालिहोत्र. त्याचे ग्रंथ दख्खनच्या बहमनी काळात फारसीत गेले आणि त्याच्याच नावावरून उर्दूत घोडेवैद्य ‘सालोत्री’ झाला. अबू उबैदाने ज्याचं नाव घेऊन कानावर हात ठेवले त्या घोडेवैद्याचं अरबी नाव ‘बैतार’, त्याचं मूळ तर ग्रीकात आहे. म्हणजे घोड्याच्या डॉक्टरला अरबांनी ग्रीकांकडून नाव आणलं, हिंदुस्थानी मुसलमानांनी संस्कृतातून, आणि ज्याला घोडा बरा करायचा होता तो या सगळ्यांत गप्प.

शेवटची लाट छापील होती, आणि तीच सर्वांत लवकर ओसरली. 1917 साली हैदराबादेत दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतरखातं, निघालं. पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ. सगळं उच्च शिक्षण उर्दूत द्यायचं, म्हणून शास्त्रांच्या परिभाषा अरबीतून घडवायच्या. शरीररचनाशास्त्र ‘तशरीह’, प्राणिशास्त्र ‘हैवानियात’. औरंगाबादेत तेव्हा अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं ठाणं होतं आणि परिभाषा कशा घडवाव्यात यावरचं वहीदुद्दीन सलीम यांचं ‘वज्ए-इस्तिलाहात’ अंजुमननेच 1921 साली काढलं. मराठवाड्यातली शिकणारी पोरं घरी मराठी बोलत आणि परीक्षेत अरबी वळणाची उर्दू लिहीत. सप्टेंबर 1948मध्ये निजामी संपली आणि ही परिभाषा काही वर्षांतच वापरातून गेली. 1972 साली परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आलं तेव्हा हाडांची नावं लॅटिन होती. तशरीहचा शब्दही बाजारापर्यंत पोचला नव्हता, स्कॅप्युलाही पोचलेला नाही. बाजारात अजून खांदाच आहे.

एकच शब्द मात्र ही सगळी कुंपणं ओलांडून बैलाच्या अंगात, तेही अगदी नाजूक जागी, जाऊन बसला. अरबीत वृषण ‘खुस्या’, आणि ते निकामी केलेला नर ‘खसी’. उर्दू-हिंदीत त्याचा ‘खस्सी’ झाला, मराठीत ‘खच्ची’. शेतकऱ्याला घरचा शब्द नव्हता असं नाही. अंडील गोऱ्हा औताला ताब्यात राहत नाही म्हणून तो बडवून घेत. ‘बैल बडवणं’ हेच त्या क्रूर कामाचं सरळ नाव. दगडावर ठेवून ठेचायचं, हळद लावायची. बडवणं म्हटलं की ते सगळं डोळ्यासमोर येतं. खच्ची म्हटलं की येत नाही. कदाचित म्हणूनच सरकारला, आणि मागाहून पुढाऱ्यांना, हा शब्द आवडला. आता कार्यकर्त्यांचं खच्चीकरण होतं, मनोबलाचं होतं, विरोधी पक्षाचं तर दर निवडणुकीत होतं.

बैलाचंही होतंच, पण आता ठेचून नाही. बर्डिझो नावाच्या इटालियन माणसाचा चिमटा आला, त्याने कातडी न फाडता आतली नस दाबली जाते आणि काम उरकतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात या सगळ्याची नोंद महिन्याच्या तक्त्यात जाते, रकाने आखलेल्या कागदावर: उपचार, लसीकरण, कृत्रिम रेतन, खच्चीकरण.